मूल बोलले तसे

काही वर्षांपूर्वी आमच्या मराठी विभागाला पोलिसांच्या एका प्रशिक्षण वर्गासाठी बोलावणे आले होते. विषय होता ‘कार्यालयीन मराठी : शुद्ध आणि प्रमाण लेखन’. मी गेले. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, ‘चे सुमारास’ऐवजी ‘च्या सुमारास’, नामानंतर विनाकारण येणारे ‘ही’ आणि ‘हा’ असे सगळे दोन तास उत्साहाने शिकवले. सराव म्हणून मला काही जबाबांच्या प्रती दिल्या होत्या. त्यांत नावागावांवर काळी शाई फिरवलेली होती. एक जबाब आठ वर्षांच्या एका मुलीचा होता. मी त्यातली विभक्ती सुधारली, दोन वाक्ये जोडली, एक अनावश्यक ‘सदर’ खोडला आणि ‘आता वाचायला बरे वाटते’ असा शेराही मारला.

वर्ग संपल्यावर एक महिला उपनिरीक्षक माझ्याजवळ आल्या. मुलीशी बोलताना त्यांनी एका वहीत जे भराभर लिहून घेतले होते, ते त्यांना मला दाखवायचे होते. ओळख पटेल असे सर्व बदलून, केवळ भाषेचा घाट कळावा म्हणून ते इथे देते. वहीत होते : ‘आज्जी दळण आणाया गेल्ती. टीव्हीवरचं कार्टून सरलं तवा तो आला. मला कसंतरीच झालं. मी गप बसले.’ जबाबात झाले होते : ‘सायंकाळी अंदाजे १८.३० वा. चे सुमारास माझी आजी ही पीठ गिरणीत दळण आणणेकामी गेली असता सदर इसम हा आमचे घरात आला व त्याने माझे मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले. सदर प्रकाराने मी अत्यंत घाबरून गेल्याने सदरची बाब कोणास सांगितली नाही.’

मी विचारले, मुलगी बोलली तसेच का लिहिले नाही? त्या म्हणाल्या, “मॅडम, तसं लिहिलं तर साहेब परत पाठवतात. ‘हा काय जबाब झाला का?’ म्हणतात. आणि आज तुम्हीही तेच शिकवलंत की.”

हा लेख त्या वाक्याला दिलेले उत्तर आहे. उशिरा दिलेले आहे, याची जाणीव आहे.

मुळात कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आपल्याकडे अशी समजूत आहे की कायद्याला कृत्रिम भाषा लागते आणि पोलीस बिचारे कायद्याची गरज भागवतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण सगळे ‘पॉक्सो’ म्हणतो, तो २०१२ चा आहे. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी तो लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो तो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, तिचा दर्जा उपनिरीक्षकापेक्षा खालचा नसावा आणि तिच्या अंगावर गणवेश नसावा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. आरोपीची आणि मुलाची गाठ पडू द्यायची नाही. आणि कलम २५ व २६ मध्ये, दंडाधिकारी असोत की पोलीस, दोघांनाही एकच आज्ञा आहे : जबाब मूल बोलले तसा नोंदवावा. मुलाच्या बोलण्याचे सार काढावे किंवा त्याचे कायदेशीर भाषेत रूपांतर करावे, असे कायदा कुठेही म्हणत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या तीन शब्दांपाशी थांबावे. ‘मूल बोलले तसे.’ भारतीय संसदेने केलेल्या कायद्यातली ही भाषाशास्त्रीय अट आहे. बोलीचे संकलन करणाऱ्या अभ्यासकाला आपण जी शिस्त शिकवतो, ती हीच. भाषकाच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, त्याचे व्याकरण सुधारू नये, त्याचा क्रम बदलू नये. जे आपण लोकगीतांच्या संकलनासाठी अनिवार्य मानतो, ते एका मुलाच्या आयुष्याच्या प्रश्नात मात्र आपल्याला हौसेखातर पाळायची गोष्ट वाटते. म्हणजे अडचण कायद्याच्या भाषेची नाही. कायद्याने साध्या भाषेची मागणी केली आहे, आणि ती नाकारणारे आपण आहोत. ‘आपण’ म्हणजे कारकुनी मराठीला शुद्ध मराठी समजणारी एक पूर्ण शिक्षणव्यवस्था, जिचा पगार मीही घेते.

आता वरच्या दोन उताऱ्यांत नेमके काय घडले ते पाहू. मुलीने वेळ सांगितलेली नाही, तिने कार्टून संपल्याचे सांगितले. तिच्या जगातले घड्याळ तेच होते आणि तपास करणाऱ्याला ते पडताळताही आले असते, कारण कोणत्या वाहिनीवर कोणते कार्टून केव्हा संपते हे शोधता येते. ‘१८.३०’ हा आकडा मात्र तिचा नाही. ‘कसंतरीच झालं’ हा मराठीतला अत्यंत प्रामाणिक शब्दप्रयोग आहे. ज्याला नाव नाही असे काही घडले, एवढेच तो सांगतो. त्याच्या जागी आलेली ‘लज्जा’ ही प्रौढांची आहे, किंबहुना दंडसंहितेच्या भाषांतरातली आहे. आठ वर्षांच्या मुलीला लज्जा उत्पन्न व्हावी, ही अपेक्षाच मुळात कोणाची आहे, हा प्रश्न वेगळा. आणि ‘मी गप बसले’ या वाक्यात कारण नाही. ‘घाबरून गेल्याने’ हे कारण लेखनिकाने पुरवले. चांगल्या हेतूने पुरवले असेल, पण पुरवले.

आता दोन-तीन वर्षांनी ही मुलगी न्यायालयात उभी आहे असे समजा. (मुलाची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत नोंदवावी आणि खटला शक्यतो एका वर्षात संपवावा, असे कलम ३५ सांगते. तरीही दोन-तीन वर्षे असे समजा.) तिला विचारतात, तो किती वाजता आला? ती म्हणते, माहीत नाही, मला तेव्हा घड्याळ येत नव्हतं. मग जबाब दाखवला जातो, त्यात साडेसहा लिहिलेले आहे. तू घाबरली होतीस का, त्याने काही धमकी दिली होती का? ती म्हणते, नाही. जबाबात तर ‘अत्यंत घाबरून’ असे आहे. पोलिसांपुढचा जबाब पुरावा म्हणून वापरता येत नसला, तरी साक्षीदाराची विसंगती दाखवण्यासाठी तो वापरता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तसेच आहे. म्हणून मुलगी खोटी पडते, आणि तीही जे वाक्य ती कधी बोललीच नव्हती त्या वाक्याशी विसंगत बोलल्याबद्दल. ‘मूल बोलले तसे’ या अटीला मी जे महत्त्व देते ते भाषाप्रेमापोटी नव्हे. लेखनिकाने भरलेल्या एका विशेषणामुळे खरे बोलणारे मूल खोटारडे ठरू शकते, एवढे साधे हे कारण आहे.

या ठिकाणी आमच्या प्राध्यापक कक्षातले एक सहकारी नेहमीचा आक्षेप घेतील : “मुलं पढवलेली असतात हो. आई-वडिलांचं भांडण, मालमत्तेचा वाद, शेजाऱ्याशी वैर. मुलाच्या शब्दावर एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त करायचं?” हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पॉक्सोच्या कलम २९ मध्ये आरोपीविरुद्ध गृहीतक आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने गंभीर अपराधाला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा आली आहे. अशा कायद्यात आरोपी झालेल्या माणसाला नेमकेपणाचा हक्क आहेच.

आणि मुलांना पढवले जाऊ शकते, हेही इतिहासाने दाखवले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या मॅकमार्टिन बालवाडीचे प्रकरण १९८३ मध्ये सुरू झाले. एका संस्थेच्या मुलाखतकारांनी शेकडो मुलांशी बाहुल्या हातात घेऊन संवाद साधला. इतर मुलांनी सांगितले आहे, तू हुशार आहेस ना, मग तूही सांग, अशा धाटणीचे प्रश्न विचारले गेले. सांगितले की शाबासकी, नाही म्हटले की पुन्हा तोच प्रश्न. मुलांच्या कथनांत पुढे भुयारे आली, प्राणी मारल्याच्या गोष्टी आल्या. १९९० मध्ये खटले संपले तेव्हा एकही दोषसिद्धी झाली नव्हती. त्या काळापर्यंतचा तो अमेरिकेतला सर्वांत लांबलेला आणि महागडा फौजदारी खटला होता. त्या मुलांपैकी कोणावर खरोखर काही अन्याय झाला होता का, हे शोधण्याची शक्यताही त्या प्रश्नांनी कायमची बुडवली. इंग्लंडमध्ये क्लीव्हलंड परगण्यात १९८७ मध्ये शंभराहून अधिक मुलांना वैद्यकीय निदानाच्या आधारे घरापासून दूर केले गेले. न्यायमूर्ती एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या चौकशीचा अहवाल १९८८ मध्ये आला. मुलांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर त्यात टीका होती. त्यातून तिथे विचारमंथन झाले. १९९१ च्या कायद्याने मुलाची चित्रमुद्रित मुलाखत सरतपासणीच्या जागी पुरावा म्हणून स्वीकारण्याची सोय झाली आणि १९९२ मध्ये मुलाखत कशी घ्यावी याची मार्गदर्शिका निघाली.

पण माझ्या सहकाऱ्यांनी या प्रकरणांतून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मॅकमार्टिन प्रकरणातून ‘मुले खोटे बोलतात’ हे सिद्ध होत नाही. प्रौढ माणसे वाईट प्रश्न विचारतात, हे सिद्ध होते. आणि ते सिद्ध होऊ शकले, कारण त्या मुलाखती चित्रमुद्रित होत्या. ज्यूरींनी त्या पाहिल्या आणि उत्तराआधी आलेला प्रश्न त्यांना ऐकू आला. आपल्याकडच्या जबाबात प्रश्नच नसतो. सगळा जबाब एका दमात केलेले स्वगत असल्यासारखा लिहिलेला असतो : ‘मी समक्ष विचारलेवरून जबाब देते की’, आणि पुढे ओळीने सगळे. काय विचारले, कसे विचारले, किती वेळा विचारले, याचा मागमूस त्या ‘विचारलेवरून’ या एका शब्दापलीकडे राहत नाही. मूल पढवलेले आहे की नाही हे कळायचे असेल तर प्रश्न दिसला पाहिजे. म्हणून मुलाच्या बाजूने बोलणाऱ्याला जे हवे, तेच आरोपीच्या बाजूने बोलणाऱ्यालाही हवे असायला हवे. ते त्यांना हवे नसेल, तर त्यांना पढवण्याची खरी चिंता नाही, मुलाने बोलूच नये एवढीच इच्छा आहे, असे मी समजेन.

‘पढवणे’ हा शब्दही जरा तपासून घ्यावा. न्यायालयात तो साक्षीदाराविषयी वापरतात आणि पोपटाविषयी. आपण शिक्षक मुलांना वर्षभर पढवतोच. प्रश्नाखाली अपेक्षित उत्तर लिहून देतो आणि शब्द बदलला तर अर्धा गुण कापतो. मोठ्या माणसाने विचारले की त्याच्या मनातले उत्तर ओळखून द्यायचे, ही सवय शाळेने लावलेली असते. तीच सवय घेऊन मूल पोलिसांसमोर, डॉक्टरांसमोर, दंडाधिकाऱ्यांसमोर बसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य व मानवविकास संस्थेत मायकेल लँब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मुलांच्या मुलाखतीची जी पद्धत विकसित केली, तिचा मोठा भाग ही सवय मोडण्यासाठीच आहे. आधी मुलाला सांगायचे की माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हण, माझे चुकले तर मला दुरुस्त कर. मग एखादा साधा प्रसंग, वाढदिवस किंवा शाळेची सहल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावायचा, म्हणजे सांगण्याचा सराव होतो. आणि मुख्य विषयाकडे आल्यावर खुले प्रश्न विचारायचे. काय झाले ते सगळे सांग. मग काय झाले?

यासाठी मराठीला परदेशी तंत्राची गरज नाही. आजी गोष्ट सांगत असताना नातवंड जो ‘मग?’ विचारते, तोच जगातला सर्वांत निर्मळ प्रश्न आहे. तो काहीही सुचवत नाही, उत्तराचा आकार ठरवत नाही, फक्त ऐकणारा जागा आहे एवढेच कळवतो. तपासात भूमिका उलटी करायची, एवढेच. मुलाने सांगायचे आणि मोठ्याने ‘मग?’ म्हणत राहायचे. आपल्याला हे जमत नाही, कारण मुलासमोर गप्प राहण्याची आपल्याला सवयच नाही.

न्यायालयातली परिस्थिती कागदावर पुष्कळ बदलली आहे, हे मान्य करायला हवे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११८ ने साक्षीदारासाठी किमान वय ठेवलेच नव्हते. प्रश्न समजून विवेकी उत्तर देता येते की नाही, एवढीच कसोटी होती, आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२४ मध्येही तीच आहे. १९५१ मध्ये राजस्थानच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठ वर्षांच्या मुलीची शपथेविना दिलेली साक्ष ग्राह्य मानली. २००४ मध्ये ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितले की मुलासमोर आरोपी दिसू नये अशी आडोशाची व्यवस्था करावी, उलटतपासणीचे प्रश्न लेखी स्वरूपात न्यायाधीशांकडे द्यावेत, मुलाला पुरेशी विश्रांती द्यावी. पॉक्सोच्या कलम ३३ ने पुढे जाऊन वकिलांचा प्रश्न न्यायाधीशांमार्फतच मुलाला विचारला जाईल, अशी तरतूद केली. आक्रमक प्रश्नांना आणि चारित्र्यहननाला बंदी केली. २०१७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणांत, सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्षकेंद्रे उभारण्याचे आदेश दिले.

पण पडदा लावला, खेळणी ठेवली, भिंतीला फिकट रंग दिला, तरी साक्ष लिहिण्याची भाषा तीच राहिली तर काय साधले? सत्र न्यायालयात साक्ष सामान्यतः कथनाच्या रूपात उतरवावी, प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिणे हा न्यायाधीशांच्या मर्जीचा भाग, असा प्रक्रिया संहितेचा नियम आहे. त्यामुळे वकिलाने सुचवावे, ‘तुझ्या आईने सांगितले म्हणून तू हे खोटे सांगते आहेस’, मुलाने ‘नाही’ म्हणावे, आणि कागदावर उमटावे, ‘हे म्हणणे खरे नाही की, माझ्या आईच्या सांगण्यावरून मी खोटी साक्ष देत आहे.’ एका ‘नाही’चे हे रूप मुलाला परत वाचून दाखवले तर त्याला त्यात आपण काय म्हणालो हे ओळखता येईल का? पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यालाही दोन नकार उलगडायला क्षणभर लागतो.

साक्षीचा अर्थ वाचणाऱ्यानुसार किती बदलतो याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. कुलाब्यातल्या ‘अँकरेज’ या निवाऱ्यांतल्या रस्त्यावरच्या मुलांच्या शोषणाचे प्रकरण २००१ मध्ये उघडकीस आले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने मुलांच्या साक्षींवर आरोपींना दोषी ठरवले. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून शिक्षा कायम केली. संहिता एकच, तिची वाचने तीन. समीक्षेत आपण अशा अनेकार्थतेचे कौतुक करतो. इथे त्या प्रत्येक वाचनाबरोबर काही मुले खरी किंवा खोटी ठरत होती. अशा ठिकाणी संहिता तरी मुलांची असावी, हा आग्रह जास्त आहे का?

आणखी एक प्रश्न खोलीत कोण बसणार, याचा. कलम २६ म्हणते, आई-वडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशी कोणतीही व्यक्ती. ही ‘किंवा’ फार मोलाची आहे, पण व्यवहारात आई-वडील आले की शोध थांबतो. जिथे संशय घरातल्याच माणसावर असतो, तिथे मूल आईच्या चेहऱ्याकडे बघत बोलते आणि आईच्या चेहऱ्यावर जे दिसते तेवढेच बोलते. उलट टोकही आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात २००३ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीची शाळेतच, आई-वडिलांच्या संमतीविना आणि न्यायालयाच्या आदेशाविना, एका समाजसेवा अधिकाऱ्याने सशस्त्र पोलिसाच्या उपस्थितीत दीर्घ मुलाखत घेतली. अपील न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये प्रकरण निकामी झाल्याचे सांगून मूळ प्रश्न अनिर्णीत ठेवला आणि अपील न्यायालयाचा तो निर्णयही पुसला. घराला मुलाशी बोलू द्यायचे की राज्याला, या दोनच पर्यायांत आपण अडकलो की असे होते. तिसरी व्यक्ती, मुलाने निवडलेली, हा आपल्या कायद्याने दिलेला पर्याय अधिक शहाणपणाचा आहे. तो वापरला मात्र पाहिजे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेने महाराष्ट्र हादरला. बालवाडीच्या वयाच्या दोन मुली होत्या. गुन्हा नोंदवून घेण्यातल्या दिरंगाईवर लोक संतापले, रेल्वे रोखली गेली, फाशीच्या घोषणा झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मुलींचे जबाब नोंदवण्याबाबतही पोलिसांना जाब विचारला. पुढच्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना पोलिसांच्याच गोळीने मेला. त्याच्याविरुद्धचा खटला तिथेच संपला. पुष्कळांना न्याय झाल्यासारखे वाटले. मला त्या वेळी वाटले आणि आजही वाटते की त्या दोघींचे म्हणणे भर न्यायालयात शांतपणे ऐकून घेण्याची, त्यावर विश्वास ठेवला असे अधिकृतपणे सांगण्याची वेळ आपण घालवली. आपल्याला शिक्षेची घाई असते. ऐकण्याची नसते. २०१९ मध्ये शिक्षा वाढवताना कलम २६ मधले ध्वनिचित्रमुद्रणाविषयीचे ‘शक्य असेल तेथे’ हे शब्द कोणी हलवले नाहीत. २०२३ च्या नव्या संहितेत झडती आणि जप्तीचे चित्रमुद्रण, शक्यतो मोबाईलवरच, सक्तीचे झाले. म्हणजे जप्त केलेल्या टीव्हीला जे संरक्षण मिळाले, ते टीव्हीसमोर बसलेल्या मुलीच्या शब्दांना मिळाले नाही.

आणि हे सारे लैंगिक अपराधांपुरते झाले. ज्या मुलाला घरी मारले जाते, उपाशी ठेवले जाते, कामाला जुंपले जाते, त्याच्यासाठी २०१५ चा बालन्याय कायदा आहे, त्यात क्रौर्य आणि दुर्लक्ष यांना शिक्षा आहे, मुलाचे म्हणणे ऐकले जावे हे तत्त्वही आहे. पण त्याच्याशी बोलावे कसे, ते लिहावे कसे, याचा पॉक्सोइतका स्पष्ट दंडक नाही. उपेक्षित मुलाच्या बोलण्याचीही उपेक्षाच होते.

आता आपल्याविषयी. प्रकाश नारायण संतांच्या लंपनवर आपण चर्चासत्रे घेतो. सीमाभागातल्या त्या मुलाच्या कानडी वळणाच्या मराठीत आपल्याला अस्सलपणा दिसतो, निवेदकाचे मूलपण लेखकाने किती सांभाळले आहे हे आपण विद्यार्थ्यांना उलगडून दाखवतो. तो लंपन उद्या एखाद्या ठाण्यात जबाब द्यायला बसला, तर त्याची भाषा सुधारून देणारे हात आपल्याच विभागातून शिकून गेलेले असतील. छापील पानावरच्या मुलाला बोली चालते आणि लाकडी बाकावरच्या मुलाला चालत नाही, हा दुटप्पीपणा आपण कुठवर चालवणार?

पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत एक तरतूद आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाषे, भाषांतरकार, विशेष शिक्षक आणि मुलाला आधार देणाऱ्या व्यक्ती यांची नोंदवही ठेवायची आहे. दुभाष्याने भर न घालता आणि काही न गाळता मुलाचे म्हणणे पोचवायचे आहे. नंदुरबारमध्ये भिली बोलणारे मूल असेल, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी. त्या भाषा जाणणारे विद्यार्थी आपल्या वर्गात बसलेले असतात आणि आपण त्यांना प्रमाण मराठी नीट येत नाही म्हणून बाजूला ठेवतो. त्या नोंदवहीत आपल्यापैकी किती जणांची नावे आहेत? आपल्या किती विद्यार्थ्यांची? बोलीविज्ञानाच्या पेपरला शंभर गुण आहेत. त्यातला एक प्रकल्प, मुलाचे बोलणे जसेच्या तसे उतरवून घेण्याचा, अर्थातच सहलीच्या किंवा सणाच्या एखाद्या साध्या प्रसंगावर, आपल्याला देता येणार नाही का? ‘कार्यालयीन मराठी’च्या अभ्यासक्रमात ‘सदर’ कुठे लिहावे हे शिकवतो, तसे ‘सदर’ कुठे मुळीच लिहू नये हेही शिकवता येईल.

कोणी म्हणेल, हे पोलिसांचे आणि वकिलांचे काम, मराठीच्या प्राध्यापकांनी त्यात कशाला पडावे? माझे उत्तर असे की आपण आधीच पडलेलो आहोत. त्या प्रशिक्षण वर्गात दोन तास मी पडलेच होते, आणि लाल शाई माझीच होती. त्या उपनिरीक्षक बाईंनी मुलीचे शब्द वहीत तरी जपले होते. कायदा त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाळला होता. पुन्हा तसे बोलावणे आले तर मी शुद्धलेखनाचा तास घेणार नाही. त्या वहीतल्या चार ओळी फळ्यावर लिहीन आणि एवढेच सांगेन की यातले काहीही बदलायचे नाही, ‘आणाया’सुद्धा नाही.